एक शब्द: ब्लॉक

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीनं मला सांगितलं, सर, तुम्ही बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा भाषेवर काहीतरी बोला. फक्त राजकारण नको आणि पाण्याचा विषय नको, तो वार्षिक सभेत आहेच. मी म्हटलं, बरं, एका शब्दावर बोलतो. शब्द निवडला 'ब्लॉक'. आता हा शब्द आपल्या तालुक्यात शिरला की पाण्यापाशीच जातो, त्याला माझा इलाज नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं नावं नोंदवली तेव्हा नातेवाईक काय विचारायचे आठवतंय? "बारामतीत ब्लॉक घेतला म्हणे. कितीला पडला?" फ्लॅट कुणी म्हणत नव्हतं. आता आपली मुलं फ्लॅट म्हणतात आणि करारनाम्यात 'सदनिका' छापलेलं असतं. तो शब्द मी कुणाच्या तोंडून कधी ऐकला नाही. "या ना आमच्या सदनिकेवर," असं म्हटलं तर पाहुणा दारातूनच परत जाईल.

गंमत अशी की इंग्रजीत ब्लॉक म्हणजे अख्खी इमारत. 'ब्लॉक ऑफ फ्लॅट्स' असं ते म्हणतात. आपण त्यातला पहिला शब्द उचलला आणि इमारतीतल्या एका घराला दिला. चाळीतून बाहेर पडलेल्या माणसाला स्वतःचा नळ, स्वतःचा संडास, बंद होणारं स्वतःचं दार मिळालं, त्याला नाव हवं होतं. ते हे मिळालं. इंग्रजीचा मास्तर म्हणून मी याला लाल शाई लावायला हवी, पण लावत नाही. शब्द ज्याच्या घरात राहायला येतो त्याचा होतो.

शिक्षक मंडळींचा ब्लॉक वेगळा. दहावीच्या परीक्षेत ब्लॉक म्हणजे वर्ग, पंचवीस मुलांचा. "सर, तुम्हाला कितवा ब्लॉक?" म्हणजे कुठल्या वर्गात उभं राहून पाय मोडून घ्यायचेत. छापखान्यातला ब्लॉक आणखी वेगळा. अशी स्मरणिका काढायची तर फोटोचा जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागायचा, आणि जाहिरातदाराला आधी विचारायचे, "ब्लॉक तुमचा की आमचा?" कारण त्याचे पैसे वेगळे पडायचे. या स्मरणिकेचं काम पाहणाऱ्या तरुण मंडळींना हे सांगितलं तर त्यांना वाटलं मी व्हॉट्सॲपबद्दल बोलतोय.

आता हा शब्द आला कुठून? मूळ अर्थ अगदी साधा आहे: लाकडाचा ओंडका. जुन्या डच भाषेत 'ब्लोक' म्हणजे झाडाचं खोड, तेच फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. ओंडक्यावर मांस तोडायचं, ओंडक्यात अक्षर कोरून छापायचं, ओंडक्यासारखा दगड घडवून भिंतीत बसवायचा. ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही तो ब्लॉकहेड, आपला ठोंब्या. आणि ओंडका वाटेत आडवा पडला की अडथळा.

वर्गात मी इथं थांबून मुलांना विचारायचो, अडथळ्याला मराठी शब्द सांगा. मुलं सुरू करायची आणि फळा भरायचा. खोडा. अडसर. आडकाठी. मेख. पाचर. खीळ. लोढणं. एकेक शब्द उघडून पाहा. खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचं भोकं पाडलेलं लाकूड. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, त्यातही हा अर्थ सापडतो. शब्द खोडावरूनच आला. अडसर म्हणजे वाड्याच्या दाराला आतून लावायचं आडवं लाकूड. आडकाठी तर बोलूनचालून आडवी काठी. पाचर सुताराची, मेख जनावर बांधायची. लोढणं म्हणजे ओढाळ गुराच्या गळ्यात अडकवलेला लाकडाचा ओंडका, पळायला लागलं की गुडघ्यावर आपटणारा. इंग्रज आणि आपण एकमेकांना भेटायच्या कितीतरी आधी दोघांनीही वाटेत पडलेल्या लाकडावरूनच अडथळ्याला नाव दिलेलं होतं.

पण त्या यादीकडं जरा थांबून पाहिलं की दिसतं, यातला प्रत्येक जिन्नस कुणीतरी कामासाठी केलेला आहे. अडसर घरातल्या माणसासाठी सोय आहे, अडथळा फक्त बाहेरच्यासाठी. लोढणं गुराला नको असतं, शेजाऱ्याच्या उभ्या पिकाला हवं असतं. कुठलाही ब्लॉक पाहिला की मी दोन प्रश्न विचारतो: हा कुणाला अडवतो, आणि अडवलेलं कुणाच्या पदरात पडतं?

मुंबईच्या लोकांना विचारा. रविवार आला की त्यांचा मेगाब्लॉक. पश्चिम रेल्वेवर त्यालाच जम्बो ब्लॉक म्हणतात. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी ठाण्याला फलाट रुंद करायला मध्य रेल्वेनं सलग ६३ तासांचा ब्लॉक घेतला होता. आपल्यातल्या काहींची मुलं तिकडं आहेत, त्यांच्या दृष्टीनं ब्लॉक म्हणजे गाडी बंद. पण रेल्वेच्या माणसाच्या तोंडी ऐका, तो "ब्लॉक मिळाला" म्हणतो. तेवढे तास ती लाइन रूळ दुरुस्त करणाऱ्यांच्या मालकीची. एरवीही दोन स्टेशनांमधल्या रुळाच्या तुकड्याला ब्लॉक सेक्शनच म्हणतात, आणि नियम असा की त्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी. एकेरी मार्गावर ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा द्यायचे. तो गोळा हातात असेपर्यंत पुढचा रूळ त्याचा, आणि दुसऱ्या टोकाची गाडी उभी. एकाचा हक्क आणि दुसऱ्याचं थांबणं, दोन्हीला एकच शब्द.

आता आपल्या भागाकडं येतो. इथं बसलेले निम्मे लोक पाटाखालचे आहेत. माळेगाव, कोऱ्हाळे, सणसर, थेट इंदापूरच्या बाजूपर्यंत. उरलेले आम्ही जिरायती. मी लोणी भापकरचा. आमच्या गावाला लोक यज्ञवराहाची मूर्ती आणि मल्लिकार्जुनाचं देऊळ बघायला लांबून येतात, देवळापाशी दगडी पुष्करणी आहे तिचे फोटो काढतात. पण शेतीचं विचाराल तर कऱ्हेकाठचा कोरडा मुलूख. बाजरी, ज्वारी, शेळ्यामेंढ्या, आणि पाऊस आला तर आला. दक्षिणेला कोऱ्हाळे, वडगाव निंबाळकरकडं थोडं गेलं की हिरवा ऊस सुरू होतो. सायकलवर जाता येईल एवढं अंतर. लहानपणी तिकडं गेलो की मला परदेशात आल्यासारखं वाटायचं.

माझी आत्या तिकडं दिलेली. तिच्या घरी गेलं की एक शब्द सारखा कानावर यायचा: ब्लॉक. "यंदा आपला ब्लॉक मंजूर झाला." "ब्लॉकचा अर्ज राहिला तर पाणी कापतील." "अमक्याचा फळबागेचा ब्लॉक हाय." मी तेव्हा पाचवीत, इंग्रजीची एबीसीडी चाललेली. आत्याला विचारलं, "आत्या, ब्लॉक म्हंजी काय गं?" ती चुलीपुढं होती. म्हणाली, "ब्लॉक म्हंजी पाटाचं पानी आपल्या नावावर. तुज्या बापाला न्हाई ते."

यापेक्षा सोपी व्याख्या मला पुढं कुठल्या पुस्तकात मिळाली नाही. पण त्यामागचा इतिहास नंतर वाचला, तो तुम्हालाही माहीत असावा, कारण तो आपल्याच पाटावर घडलाय.

१८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारनं नीरेवर वीरच्या बंधाऱ्यापासून डावा कालवा काढला, १८८५ मध्ये पाणी सुटलं. पाठीमागं भाटघरचं धरण. कालवा दुष्काळापासून संरक्षण म्हणून काढलेला, म्हणजे जास्तीत जास्त गावांच्या ज्वारी-बाजरीला पाणी मिळावं. झालं भलतंच. ज्यांचं रान कालव्याच्या तोंडाशी, त्यांनी ऊस लावला. उसाला बारमाही पाणी, तेही मोकाट. तोंडाकडं रानं चिभडायला लागली, चोपण झाली, डास आणि हिवताप वाढला, आणि शेपटाकडच्या गावांना पाणी पोचेना. आजही टेलचा शेतकरी हे गाणं गातोच.

तेव्हा मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात एक इंजिनिअर होते, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले, १८८४ पासून नोकरीत. खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे त्यांचेच. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत सुचवली आणि ती नीरेवर लागू झाली. कल्पना अशी: कालव्यालगत सरसकट पाणी न देता गावोगावी जमिनीचे तुकडे ठरवायचे, ते ब्लॉक. त्या ब्लॉकात उसाचं क्षेत्र साधारण एक तृतीयांशापुरतंच, बाकीच्यात कमी पाण्याची पिकं, आणि ऊस दरवर्षी पुढच्या तुकड्यावर फिरवायचा. बदल्यात शेतकऱ्याला काही वर्षांची खात्री की एवढं पाणी तुझं. म्हणजे एका हातानं अडवणं, दुसऱ्या हातानं हमी देणं. वरच्या बागायतदारांनी सुरुवातीला विरोध केला, आणि करणारच, त्यांना त्यातला फक्त अडसर दिसत होता. खालच्या गावांना त्यातच दार दिसलं.

पुढं काय झालं ते मात्र मजेशीर आहे, किंवा नाही. पाणी आवरायला आणलेली पद्धत हळूहळू मालमत्ता झाली. हंगामी पिकाला शेजपाळी, बारमाही उसाला ब्लॉक, अशी वाटणी रुळली. सात नंबरचा अर्ज, पाटकरी, चारी, पाळी, पाणीपट्टी हे शब्द पाटाखालच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ. 'ब्लॉकधारक' हा शब्द तयार झाला, आणि तो 'सभासद' या शब्दासारखाच छाती पुढं काढून म्हणायचा शब्द. नंतर धोरणं बदलली, आठमाही पाण्याचं आलं, त्यावर मोर्चे निघाले, तो सगळा विषय आज घेत नाही. इथं दोन्ही बाजूंचे लोक बसलेत आणि जेवण एकाच पंगतीत आहे.

आम्हा जिरायती लोकांना मात्र हा ब्लॉक फक्त स्थळं बघताना भेटायचा. मुलगी द्यायची तर पहिली चौकशी: पाटाखालचं रान आहे का? असलं तर हुंडा चढा. आत्याच्या लग्नात माझ्या आजोबांनी दोन बैल विकले. एक बैल, असं घरात म्हणायचे, ब्लॉकसाठी गेला.

१९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा. आई खडी फोडायला जायची. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, दुपारी मुलांना सुकडी. त्या वर्षी आमच्या भागात लोकांनी काय केलं असेल तर अडथळे बांधले. पाझर तलाव, नालाबांध, शेताचे बांध. सगळी दुष्काळी कामं म्हणजे वाहत्या पाण्याच्या वाटेत आडवं पडणं. पुढं सरकारनं त्याची घोषणाच केली, पाणी अडवा, पाणी जिरवा. तेव्हा 'अडवणे' हा शब्द मला पहिल्यांदा चांगल्या अर्थानं ऐकू आला. पाटाखालच्या माणसाला वाटेत अडथळा नको असतो, पाणी सरळ यावं. जिरायतवाल्याला अडथळाच हवा असतो, नाहीतर आलेलं पाणी तासाभरात कऱ्हेला आणि तिथून पुढं. पाझर तलावाखालच्या विहिरींना पुढच्या उन्हाळ्यात हातभर जास्त पाणी होतं. आई तेवढ्या हातभर पाण्याला "माजं पानी" म्हणायची, कारण तिथली माती तिनं डोक्यावर वाहिलेली.

त्याच दुष्काळानंतर शेजारच्या पुरंदर तालुक्यात, नायगावला, विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तेही इंजिनिअर, पुण्यात कारखाना असलेले. त्यांचा नियम ऐकला तेव्हा मला आत्याचा ब्लॉक आठवला. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटायचं. घरात माणसं जितकी त्या हिशेबानं, माणशी अर्धा एकर, आणि घराला कमाल मर्यादा. ऊस घ्यायचा नाही. ज्याला जमीनच नाही त्याचाही पाण्यात वाटा. विश्वेश्वरय्यांनी पाण्याला जमिनीचे तुकडे पाडून दिले, साळुंख्यांनी माणसं मोजली. दोन्ही माणसं पाण्याला शिस्त लावू पाहणारी, आणि माझ्या मनात दोघांबद्दल आदर आहे. पण मला स्वतःला विचाराल तर दुसऱ्यांचा हिशेब जास्त पटतो. कदाचित मी ब्लॉकाबाहेरच्या घरात जन्मलो म्हणून पटत असेल.

सरकारी ब्लॉक थोडक्यात उरकतो. २ ऑक्टोबर १९५२ ला समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला, देशभर विकासाचे ब्लॉक पाडले, तेव्हापासून बीडीओ साहेब आले. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या, साहेबांचं मराठी नाव गटविकास अधिकारी. ब्लॉकला 'गट' हा प्रतिशब्द चांगला आहे, पण जमिनीचा गट नंबर वेगळा आणि निवडणुकीतला गट त्याहून वेगळा. गावात "तुमचा गट कोणता?" असं विचारलं तर आधी विचारणाऱ्याचं तोंड बघावं.

दवाखान्यातल्या ब्लॉकबद्दल मात्र नीट बोलायला हवं, कारण आपल्यातले बरेच जण साठीच्या पुढं आहेत. आपण म्हणतो, "त्यांना दोन ब्लॉक निघाले." डॉक्टर ज्याला हार्ट ब्लॉक म्हणतात तो वेगळा. त्यात हृदयाचे ठोके चालवणारा विजेचा संदेश मध्येच अडतो, नाडी मंद होते, चक्कर येते, आणि गरज पडली तर पेसमेकर बसवतात. रक्तवाहिनी अरुंद झाली, स्टेंट टाकला, ते ब्लॉकेज. फोनवर मुलाला सांगताना एका अक्षराचा फरक राहिला की तो तिकडं दुसऱ्याच आजाराचं वाचत बसतो. तेव्हा रिपोर्टवर जे लिहिलंय ते वाचून सांगा, किंवा फोटो पाठवा.

फोटो पाठवायचा म्हटला की व्हॉट्सॲप आलं, आणि तिथला ब्लॉक. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर मागच्या उन्हाळ्यात टँकरवरून जे काही झालं ते सगळ्यांनी वाचलंय, मी नावं घेत नाही. एकाच मजल्यावरच्या दोन घरांनी एकमेकांना ब्लॉक केलंय. त्यांची भिंत एक, ड्रेनेजचा पाइप एक, आणि सकाळी पेपर टाकणारा पोरगाही एक. परवा त्यातल्या एका वहिनींचा गॅस संपला तर दुसऱ्यांच्या घरातून सिलिंडर आला, निरोप वॉचमनमार्फत. या ब्लॉकला अजून चांगला मराठी शब्द नाही. आमच्याकडं गावात म्हणायचे, "बोलणं टाकलंय." बोलणं टाकलेलं पुन्हा उचलता यायचं, लग्नकार्य निघालं की उचलायचेही. या बटणाचं काय करायचं ते ज्याचं त्यानं बघावं, पण रौप्यमहोत्सवाच्या पंगतीत दोन्ही घरं समोरासमोर बसली आहेत हे मला इथून दिसतंय.

टँकरचं भांडण मुळात कशावरून? 'क' विंग लाइनच्या शेवटाला आहे. वरची टाकी भरायला लागली की 'अ' विंगचे नळ आधी चालू होतात, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या नळाला फक्त हवा येते. म्हणजे आपल्या एवढ्याशा आवारात हेड आहे आणि टेल आहे. कमिटीनं वॉल बसवून वेळा ठरवल्या, सकाळी 'क', मग 'ब', मग 'अ'. आपण नकळत शेजपाळी सुरू केली. पाटकरी म्हणजे आपला वॉचमन. मला ते आवडलं. फक्त एक प्रश्न मी कमिटीपुढं ठेवलाय: पाण्याची वर्गणी ब्लॉकमागं सारखी घ्यायची की माणसांमागं? एका घरात दोन म्हातारी माणसं आहेत, एका घरात आठ जण. आत्याचा हिशेब लावायचा की नायगावचा, हे सभेत ठरवू. माझं मत वर सांगून झालंय.

आणि आता शेवटचा ब्लॉक, ज्यासाठी मला हा शब्द सुचला. पेव्हर ब्लॉक.

सभेपुढं ठराव आहे की मागच्या मोकळ्या जागेवर पेव्हर ब्लॉक बसवून पार्किंग करावं. पावसाळ्यात चिखल होतो, स्कूटर घसरतात, आजींना देवळाकडं जायला त्रास होतो, हे सगळं खरं आहे. समोरच्या बाजूला आपण आठ वर्षांपूर्वी ब्लॉक बसवले तेव्हा मीही सही केली होती, आणि तिथं आता मुलं बॅडमिंटन खेळतात ते छानच आहे. पण मागची जागा वेगळी. आपला बोअर तिथं आहे, आणि पावसाचं पाणी जमिनीत जायला आपल्या आवारात तेवढाच तुकडा शिल्लक आहे.

हिशेब करू. जागा चार हजार स्क्वेअर फूट, म्हणजे सुमारे ३७० चौरस मीटर. आपल्या भागात वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरा, म्हणजे अर्धा मीटर. त्या एका तुकड्यावर वर्षाला सुमारे १,८५,००० लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे अठरा टँकर. सगळं जिरत नाही, काही उडून जातं, काही वाहतं. निम्मं जिरलं तरी नऊ टँकर. समोरच्या अंगणातलं पाणी कुठं जातं ते सगळ्यांनी पाहिलंय: गेटातून रस्त्यावर, रस्त्यावरून नाल्याला. पाऊस थांबून तासाभरात अंगण कोरडं, आणि मार्चमध्ये बोअर कोरडा.

ठेकेदाराशी मी बोललो. समोर त्यानं खाली सलग काँक्रीट ओतून वर ब्लॉक बसवले होते, त्यामुळं फटीत गेलेलं पाणीही खाली जात नाही. ब्लॉक वाळूवर, फटी मोकळ्या ठेवून बसवता येतात. भोकं असलेले ब्लॉकही मिळतात, त्यात गवत उगवतं आणि गाडीही उभी राहते. खर्च थोडा जास्त आहे, जड गाड्यांसाठी ते चालणार नाहीत, आणि मधूनमधून खचलेले ब्लॉक उचलून बसवावे लागतील, हेही त्यानं सांगितलं आणि मी लपवत नाही.

माझी सूचना लेखी दिलेली आहे, सेक्रेटरींकडं आहे. चालायच्या वाटेपुरते पक्के ब्लॉक, आजींच्या आणि व्हीलचेअरच्या सोयीनं, उतार देऊन. दुचाकीच्या जागेवर वाळूवरचे भोकांचे ब्लॉक. बोअरभोवती चारी बाजूंनी चार फूट माती मोकळी. 'ब' आणि 'क' विंगच्या गच्चीचं पाणी जाळी लावून, गाळून, बोअरजवळच्या शोषखड्ड्यात. आणि जागेच्या खालच्या कडेला, गेटच्या बाजूला, विटांचा एक बुटका बांध, म्हणजे पाणी घाईनं बाहेर पडणार नाही. एवढ्या बांधावरून स्कूटर जाते, मी मोजलंय.

चारचाकी उभ्या करायच्या असतील तर ही योजना बसत नाही. तेव्हा ज्यांना चारचाकीची जागा हवी आहे त्यांनी सभेला जरूर यावं आणि तसं मांडावं, मी त्यांचंही ऐकेन. सभा पुढच्या रविवारी सकाळी दहाला, इथंच. 'क' विंगच्या लोकांनी लवकर आटपून यावं, त्यांची पाळी सकाळची आहे.

आता वाढपी केव्हाचे माझ्याकडं बघताहेत. पहिल्या पंगतीला लहान मुलं आणि आजी-आजोबा बसतील, बाकीच्यांनी कृपया मधली वाट मोकळी ठेवावी.